खाशाबा

खाशाबा : पुरुषाचे विशेषनाम. पूर्वीही ते मोजक्याच घरांत असे. आता बारशाला क्वचितच ऐकू येते.

नावाचा पहिला भाग ‘खासा’. मूळ अरबी ‘खास’ फारसीच्या वाटेने दख्खनच्या दरबारी भाषेत आला. मराठेशाहीत खासा म्हणजे खुद्द धनी, म्हणून राजघराण्यातली मंडळी निघाली की ‘खाशा स्वाऱ्या’ निघाल्या असे म्हणत. खासगी खाते आणि पुण्यातले खासगीवाले हे आडनाव याच गोतातले. मासा-माशाला, पैसा-पैशाला तसेच खासाचे खाशा. पुढचा ‘बा’ बापाचा, आदराचा आणि मायेचाही: पालचा खंडोबा, आरेवाडीचा बिरोबा, घराघरातला धोंडिबा. दरबारचा मानाचा शब्द सातारा-सांगलीच्या शेतकरी घरांत आला तो या देवांच्या पंगतीत बसूनच. मानकरी घराण्यांत त्याला ‘राव’ जोडला गेला; अरविंद घोषांचे बडोद्यातले स्नेही खासेराव जाधव हे त्याचे ठळक उदाहरण.

नाव अजरामर केले ते मात्र कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरने. तिथे 15 जानेवारी 1926 रोजी पैलवान दादासाहेब जाधवांच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीत सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीवारीसाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्य जिंकले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. कऱ्हाडला परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशी स्वारी म्हणावी तर हीच!

पुढे ते पोलीस खात्यात होते. 14 ऑगस्ट 1984 रोजी त्यांचे अपघाती निधन झाले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे, पण ते ‘के. डी. जाधव’ असे. आद्याक्षरांत सारे हरवते: दरबार, देव आणि गोळेश्वरही. पाटीवर, पुस्तकात, बातमीत हे नाव पूर्ण लिहावे: खाशाबा दादासाहेब जाधव.