सूत्रकृमीच्या डोक्यात

केंब्रिज, १९७०चं दशक. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयलीन साउथगेट टेबलावर ओणव्या झाल्या आहेत आणि तुम्ही त्यांच्या मागे उभे आहात. त्यांच्या हातात रंगीत पेन, पुढ्यात काळ्यापांढऱ्या फोटोंचा ढीग. निकोल थॉमसन यांनी जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीचे काप काढलेत. एकेक काप मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतका पातळ. (डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा हा भाऊबंद, पण बापडा नुसते जिवाणू खातो.) बाई या कापांच्या एका फोटोत एक चेतातंतू हेरतात, त्यावर खूण करतात, पुढच्या फोटोत पुन्हा तोच शोधतात. हे काम संगणकावर टाकून पाहिलं होतं. जमलं नाही.

थेट १९८६मध्ये या. कृमीच्या चेतासंस्थेचा नकाशा छापून झालाय: ३०२ चेतापेशी, सुमारे ५,००० रासायनिक जोड, ६००च्या आसपास विजेचे. या विजेच्या जोडांवर नजर ठेवा. दोन पेशींच्या मधल्या भिंतीला जणू दारच ठेवलेलं. एकीतला विद्युतभार सरळ दुसरीत शिरतो, त्यामुळे त्यांचा एकदमच जाग्या होण्याकडे कल असतो.

१९९८, कॉर्नेल विद्यापीठ. डंकन वॉट्स मुळात रातकिडे एका तालात कसे किरकिरतात याच्या मागे लागला होता. आता तो आणि स्टीव्हन स्ट्रोगाट्झ त्याच नकाशातल्या ३०२पैकी २८२ पेशींचं जाळं मोजून बसलेत. पेशी शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेल्या, तरी कुठूनही कुठे जायला सरासरी २.६५ टप्पे. ही किमया मोजक्या शॉर्टकटची.

पण मला विचाराल तर व्हिएन्नाला जाईपर्यंत थांबा. २०१५. अरुंद खोबणीत एक जिवंत कृमी अडकवलाय. पेशी जाग्या होऊन त्यांच्यात कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन त्याच्या अंगात आहे. पडद्यावर एक ठिपका उजळतो, मग कितीतरी एकदम. मागे सरकायला लावणाऱ्या पेशी मिळून पेटतात, पुढे नेणाऱ्या विझतात. थोड्या वेळाने उलट. अंग जागचं हललेलं नाही, डोक्यात येरझाऱ्या चालूच.

नकाशातल्या सर्वाधिक जोडांच्या पेशींपैकी एक जोडी म्हणजे एव्हीए. मागे सरकण्याचा हुकूम ती शरीरापर्यंत पोचवते. ती दाबून टाकली तर सगळा मेळ मोडेल, असं तुम्हाला नकाशा बघून वाटतं. संशोधक ती दाबतात. उरलेल्या पेशींची ये-जा तशीच चालू राहते.