साधनाची अट : भंडाऱ्याचे धान आणि मोबाईलची आज्ञावली

विक्रीस येणारी वस्तू कशी असावी हे ठरविणारे नियम सर्व काळांत आढळतात. माप, वजन, शुद्धता यांविषयीचे निर्बंध बाजारपेठेइतकेच जुने आहेत. ती वस्तू कोणत्या साधनाने घडवावी हे सांगणारे नियम मात्र विरळ आणि अधिक वादग्रस्त असतात. ८ एप्रिल २०१० रोजी ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी ॲप तयार करणाऱ्यांच्या करारात असा एक नियम घातला. ॲप मुळात ठरावीक तीन-चार संगणकभाषांतच लिहिलेले असावे, अन्य भाषेत लिहून मध्यस्थ साधनाच्या द्वारा रूपांतरित केलेले ॲप स्वीकारले जाणार नाही, असा त्याचा आशय होता. या अटीकडे दोन कंपन्यांमधील चुरशीचा एक प्रसंग म्हणूनच बहुधा पाहिले गेले. वस्तुतः नाके ज्याच्या ताब्यात आहे त्याने मालाऐवजी साधनावर बोट ठेवावे, ही रीत बरीच जुनी आहे. भंडारा जिल्ह्याच्या धानव्यवसायाने तिचा अनुभव १९५८ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके घेतला. तेथे नाके सरकारचे होते, येथे ते खाजगी कंपनीचे आहे. हा भेद लहान नाही. तथापि अशी अट कशाच्या आधारावर टिकते आणि कशामुळे ढासळते, हे समजून घेण्यास भंडाऱ्याचा वृत्तान्त विशेष उपयोगी आहे.

वैनगंगेचे खोरे आणि कोहळी समाजाने बांधलेले तलाव यांच्या बळावर भंडारा हा पूर्वापार धानाचा जिल्हा आहे. धानाचा तांदूळ करण्याचे काम घरोघरी उखळ-मुसळाने किंवा पायाने चालविल्या जाणाऱ्या ढेकीने होत असे. ते प्रायः स्त्रियांचे काम होते, आणि गरीब घरच्या स्त्रिया दुसऱ्याचे धान कांडून धान्यरूपाने मजुरी मिळवीत. मराठीने या क्रियांचे भेद काटेकोरपणे जपले आहेत. टरफल काढावयाचे ते ‘भरडणे’, वरचा कोंडा काढून दाणा पांढरा करावयाचा ते ‘सडणे’, आणि मुसळाने कुटण्याची एकंदर क्रिया म्हणजे ‘कांडणे’. ‘हातसडीचा तांदूळ’ या प्रयोगात तर मालाचे नावच साधनावरून पडले आहे. याचा अर्थ असा की, साधन बदलले म्हणजे माल बदलतो, ही जाणीव कायद्यापूर्वी भाषेत होती.

रेल्वे आल्यानंतर तुमसर आणि गोंदिया ही या व्यापाराची केंद्रे बनली व तेथे यांत्रिक गिरण्या उभ्या राहिल्या. (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते.) या गिरण्यांविरुद्धचा वैचारिक पक्ष शेजारच्या वर्ध्यात सिद्ध झाला. १९३४ साली तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार सुरू झाला. या पुरस्कारात दोन युक्तिवाद एकत्र गुंफलेले होते. एक आरोग्याचा होता. जावा बेटातील आयकमन यांच्या संशोधनापासून पांढऱ्याशुभ्र तांदळाचा बेरीबेरी रोगाशी असलेला संबंध ज्ञात झाला होता, आणि त्या कार्यास १९२९ चे नोबेल पारितोषिकही लाभले होते. दुसरा युक्तिवाद रोजगाराचा होता. पहिला मालाविषयी आहे आणि दुसरा साधनाविषयी, हे येथे ध्यानात ठेवणे इष्ट आहे. तांदूळ किती सडावा याची मर्यादा ठरवून पहिला हेतू साधता आला असता. दुसऱ्यासाठी यंत्रालाच अडविणे भाग होते.

द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामोद्योग व लघुउद्योग समितीने १९५५ साली या दुसऱ्या युक्तिवादास नियोजनाच्या चौकटीत स्थान दिले. त्यानंतर १९५८ साली संसदेने भातगिरणी उद्योगाच्या नियमनाचा कायदा केला. त्या वेळी भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. या कायद्याने नव्या गिरणीस परवानगी व चालू गिरणीस परवाना आवश्यक केला. परवानगी देताना विचारात घ्यावयाच्या गोष्टींत परिसरातील गिरण्यांची संख्या आणि धान, वीज व पाणी यांची उपलब्धता यांच्या जोडीला आणखी दोन बाबी होत्या. गिरणीचे यंत्र ‘हलर’ जातीचे आहे, ‘शेलर’ जातीचे आहे की दोहोंच्या मिश्रणाचे, ही एक. आणि गिरणीमुळे परिसरात मोठ्या प्रमाणावर बेकारी ओढवेल काय, ही दुसरी. यंत्राची जात अशा रीतीने थेट कायद्याच्या शब्दांत आली.

हलर हे यंत्र ब्राझीलमधील एंगेलबर्ग याच्या नावाशी निगडित आहे. भरडणे आणि सडणे या दोन्ही क्रिया ते एकाच नळकांड्यात उरकते. यंत्र लहान, स्वस्त आणि दुरुस्तीस सोपे, म्हणून ते खेडोपाडी पोचले. डोक्यावर पायली-दोन पायली धान घेऊन यावे आणि तासाभरात तांदूळ घेऊन परतावे, अशी सोय त्याने केली. दोष असा की दाणा फार तुटतो, कणी वाढते, आणि कोंड्यात टरफलाचा भुसा मिसळल्याने त्या कोंड्यातून तेल काढणे परवडत नाही. ढेकीची खरी प्रतिस्पर्धी तुमसर-गोंदियाची मोठी गिरणी नव्हे, तर गावातले हे हलर होते. कायद्याचा रोख मात्र दोहोंवर सारखाच राहिला.

पुढील दहा वर्षांत कायद्याचे शब्द बहुतांशी तेच राहून त्याचे प्रयोजन पालटले. साठीच्या दशकात भंडारा जिल्हा सघन कृषी जिल्हा कार्यक्रमात समाविष्ट झाला. अन्नटंचाईच्या त्या काळात प्रत्येक दाणा वाचविण्याचा प्रश्न अग्रभागी आला. १९६८ च्या दुरुस्तीनंतर गिरण्यांचे आधुनिकीकरण हा कायद्याचा हेतू झाला, आणि धान स्वच्छ करणारी व रबरी रुळांनी टरफल काढणारी यंत्रे बसविण्याचा आग्रह सुरू झाला. हलर पूर्वीही दोषी होते आणि आताही दोषी ठरले. परंतु पूर्वी ते फार काम करते म्हणून दोषी होते, आता ते काम वाईट करते म्हणून. ज्या कांडणाऱ्या स्त्रियांच्या नावाने हा निर्बंध प्रथम आला त्या या नव्या युक्तिवादात कोठेच उरल्या नाहीत. या स्थित्यंतराकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. साधनावर घातलेली अट हेतू बदलला तरी जागेवर राहते, कारण तिच्या शब्दांत हेतू नसतो, यंत्राचे नाव असते.

हा कायदा १९९७ साली रद्द झाला. आधारभूत किमतीने खरेदी केलेल्या धानाची भरडाई करून देणाऱ्या गिरण्यांना नंतरच्या काळात जो निकष लावला गेला तो मालाचा आहे : क्विंटलभर धानामागे साधा तांदूळ ६७ किलो, उकडा ६८ किलो. तो कोणत्या यंत्राने काढला, हे या निकषात विचारलेले नाही.

आता २०१० च्या अटीकडे पुन्हा पाहू जाता तिचे वेगळेपण स्पष्ट होते. ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले आणि आयफोनवर ॲप पोचविण्याचा अधिकृत मार्ग तेवढाच होता. ऑब्जेक्टिव्ह-सी, सी आणि सी++ या भाषा व ब्राउझरच्या यंत्रणेतून चालणारी जावास्क्रिप्ट एवढ्यांनाच करारात मान्यता मिळाली. अडोबी कंपनी फ्लॅशमधील रचना आयफोनच्या ॲपमध्ये रूपांतरित करणारे साधन त्याच महिन्यात बाजारात आणीत होती. युनिटी, मोनोटच यांसारख्या साधनांवर विसंबणारे लहान निर्मातेही पेचात सापडले. एकदा लिहावे आणि दोन-तीन प्रकारच्या फोनांवर चालवावे, हा त्यांच्या तुटपुंज्या भांडवलाचा आधार होता. २९ एप्रिलच्या जाहीर पत्रात स्टीव्ह जॉब्स यांनी दिलेले कारण असे की, मध्यस्थ साधनावर अवलंबून असलेला निर्माता मूळ यंत्रणेच्या नव्या सोयी वेळेवर वापरीत नाही आणि त्यामुळे माल निकृष्ट होतो. हे कारण अगदीच पोकळ नव्हते. पण त्या निर्मात्याचे ॲप प्रतिस्पर्ध्याच्या फोनवरही सहज जाते, हे दुसरे कारण दृष्टीआड करता येत नाही. आरोग्य आणि रोजगार यांची जी गुंफण भातगिरण्यांच्या वादात होती तिचेच हे दुसरे रूप होय, फक्त येथे रोजगाराच्या जागी कंपनीचा व्यापार आला.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अटीतील कळीचा शब्द ‘मुळात’ हा होता. संगणकभाषेतील प्रत्येक आज्ञावली शेवटी यंत्राच्या संकेतांत रूपांतरित होते. रूपांतर हा तिचा स्वभावच आहे. अटीने रूपांतराला नव्हे, तर त्याच्या एका जादा पायरीला मज्जाव केला. एखाद्या संहितेची मूळ भाषा कोणती, हा प्रश्न पाठचिकित्सेत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला जातो आणि तरी निर्णायक उत्तर मिळतेच असे नाही. येथे तो प्रश्न परीक्षकाने तयार ॲपवरून सोडवावा अशी अपेक्षा होती. काही साधनांच्या खुणा तयार ॲपमध्ये सापडत. परंतु लेखकाने प्रथम कोणत्या भाषेत लिहिले, हा इतिहास त्यातून खात्रीने वाचता येत नाही. हलर मात्र गिरणीच्या फरशीवर बोल्टने आवळलेले असते. निरीक्षकाने दारातून डोकावले तरी ते दिसते. भंडाऱ्यात लागू असलेली अट एकोणचाळीस वर्षे उभी राहिली आणि कॅलिफोर्नियातील अट पाच महिन्यांत मागे घ्यावी लागली, याचे एक कारण या दृश्यतेत असावे. दुसरे कारण बाहेरचे होते : युरोपीय आयोगाने प्राथमिक चौकशी आरंभिली होती. ९ सप्टेंबर २०१० रोजी ॲपलने साधनांवरील निर्बंध सैल केले आणि ॲपने बाहेरून नवी आज्ञावली उतरवून घेऊ नये एवढी अट ठेवली, म्हणजे नियम साधनावरून पुन्हा मालावर आणला. त्याच महिन्यात आयोगाने चौकशी आटोपती घेतली. ब्राउझरांनी ॲपलचेच अंतर्गत इंजिन वापरावे ही सहज तपासता येणारी अट मात्र कायम राहिली. युरोपीय संघात तीही मार्च २०२४ मध्ये नव्या कायद्यामुळे सोडावी लागली.

एप्रिलमध्ये अडोबीने थांबविलेले रूपांतर-साधनाचे काम सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले. १९९७ साली भातगिरणीचा कायदा गेला तेव्हा पुन्हा सुरू व्हावे असे कांडपाचे काम शिल्लकच नव्हते.