कार्ब्युरेटर जेटची निवड, जुन्या मोटारसायकलींतील

पेट्रोल एंजिनास लागणारे इंधन व हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटरमध्ये तयार होते. या मिश्रणातील इंधनाचे प्रमाण ज्या सूक्ष्म छिद्राच्या, मळसूत्री पितळी तोटीने ठरते तिला जेट म्हणतात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नमुन्यासाठी जेटचा आकार निर्माता ठरवून देतो. एंजिनाच्या रचनेत फेरफार केला, तर मात्र ही निवड नव्याने करावी लागते. संपीडन गुणोत्तर वाढविणे, हवा गाळणी काढून टाकणे, निष्कास नळी बदलणे, मोठ्या व्यासाचा कार्ब्युरेटर बसविणे हे असे नेहमीचे फेरफार होत. मिश्रणात पेट्रोल कमी पडले, तर दट्ट्याच्या माथ्याचे तापमान वाढते, अधिस्फोटन सुरू होते आणि माथ्यास भोकही पडू शकते. पेट्रोल जास्त झाले, तर सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन जाते व कड्या लवकर झिजतात. ज्या एंजिनाचे सुटे भाग आता मिळत नाहीत, त्याच्या बाबतीत या काही मिलिग्रॅम वजनाच्या इंधनाचा हिशेब चुकणे महाग पडते.

अगदी सुरुवातीच्या वाहनांत जेट हा भागच नव्हता. डाइमलर व मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकी वाहनात पृष्ठभागी बाष्पीभवनाचा कार्ब्युरेटर होता. त्यात हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जाताना बाष्प घेऊन जाई आणि मिश्रणाचे प्रमाण हवामानावर, टाकीतील पातळीवर व पेट्रोल किती शिळे झाले आहे यांवर अवलंबून राही. १८९३ मध्ये व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत आणि त्याच वर्षी दोनात बांकी व यानोश चोन्का यांनी हंगेरीत इंधनाचा फवारा करणारा कार्ब्युरेटर पुढे आणला. हवा अरुंद नळीतून वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो व तरंड्याच्या पात्रातील पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते, हे त्याचे तत्त्व. जेटच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू झाला.

एका साध्या छिद्राने मात्र भागत नाही. हवेचा वेग वाढला की मिश्रण प्रमाणाबाहेर समृद्ध होत जाते आणि वेग उतरला की फवाराच उठत नाही. ब्रिटिश मोटारसायकलींवर त्यामुळे बरीच वर्षे दोन तरफा असत, एक थ्रॉटलची व दुसरी हवेची. मिश्रण जुळविण्याचे काम चालकच रस्त्यावर, एंजिनाच्या आवाजावरून करीत असे. बिंक्स यांनी आपल्या कार्ब्युरेटरात एकाहून अधिक जेट क्रमाने उघडण्याची योजना केली होती. १९२७ च्या सुमारास अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन उत्पादक एकत्र आले व बर्मिंगहॅम येथे अमल ही कंपनी उभी राहिली. पुढील चार दशके ब्रिटिश मोटारसायकल आणि अमल कार्ब्युरेटर यांचे साहचर्य इतके घट्ट होते की, एकाचा इतिहास दुसऱ्याशिवाय सांगता येत नाही.

अमलच्या रचनेत थ्रॉटल हा उभा सरकणारा पोकळ दंडगोल असून त्याला एक निमुळती सुई जोडलेली असते. थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर मिश्रणाचा ताबा वेगळ्या भागाकडे असतो. थ्रॉटल बंद ते एक-अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट व हवेचा स्क्रू, तेथून एक-चतुर्थांशापर्यंत दंडगोलाच्या हवेकडील बाजूची काप, पुढे तीन-चतुर्थांशापर्यंत सुई व सुईचा जेट, आणि केवळ शेवटच्या चतुर्थांशात मुख्य जेट. कापेचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात दिलेला असतो. ३ क्रमांकाची काप म्हणजे ३/१६ इंच. काप मोठी असेल, तर हवा अधिक व मिश्रण विरळ. सुई एक खाच वर उचलली, तर मिश्रण समृद्ध होते. सामान्य वापरात मोटारसायकल बहुतांश वेळ अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते. यामुळे शहरातील धक्के खाणाऱ्या एंजिनासाठी मुख्य जेट बदलत बसणे निष्फळ ठरते. तरीही हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण मुख्य जेट काढणे सर्वांत सोपे असते.

निर्मात्याने सांगितलेला जुळणीचा क्रम आजही लागू आहे : प्रथम पूर्ण थ्रॉटलवर मुख्य जेट, नंतर पायलट, मग काप, त्यानंतर सुईची खाच आणि अखेरीस पुन्हा पायलट. मुख्य जेट आधी घेण्याचे कारण असे की, सुई व तिचा जेट यांना मिळणारे पेट्रोल मुख्य जेटमधूनच येते. तो लहान असल्यास वरच्या टप्प्यांवरील सर्व जुळणी चुकीच्या पायावर होते. पायलट दुसऱ्यांदा तपासावा लागतो, कारण काप बदलली की बंद थ्रॉटलजवळील हवेचा प्रवाहही बदलतो.

जेटवरील आकड्यांचा अर्थ सर्वत्र एक नाही, ही गोष्ट अनेक एंजिनांच्या मुळावर आली आहे. अमलच्या मुख्य जेटवरील आकडा ठराविक दाबाखाली दर मिनिटास वाहणाऱ्या घन सेंटिमीटरांचा असतो. याउलट इटलीच्या डेलॉर्टो, जर्मनीच्या बिंग व चेकोस्लोव्हाकियाच्या यिकोव्ह या कार्ब्युरेटरांत छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेला असतो. प्रवाह क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. यामुळे अमलचा २०० चा जेट काढून २२० चा बसविला, तर पेट्रोल १० टक्के वाढते. पण व्यासाच्या पद्धतीतील १०० च्या जागी ११० बसविला, तर वाढ २१ टक्के होते. जपानच्या मिकुनीने तर षट्कोनी माथ्याच्या मुख्य जेटसाठी प्रवाहाची पद्धत ठेवली आहे. एका पद्धतीतील आकडा दुसऱ्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरात वापरणे म्हणजे किलोग्रॅमचे माप शेरात वाचण्यासारखे आहे. जेटचे छिद्र तारेने साफ करणे किंवा बारीक गिरमिटाने मोठे करणे ही कार्यशाळांतील जुनी सवयही याच कारणाने घातक ठरते. छिद्राची कड किंचित बिघडली तरी प्रवाह बदलतो आणि वरचा आकडा खोटा ठरतो.

इंधन बदलले की जेटही बदलतो, हे शर्यतपटूंना आधी कळले. १९०७ मध्ये सुरू झालेल्या ब्रुकलंड्स येथील धावपट्टीवर दोन महायुद्धांदरम्यानच्या काळात अल्कोहॉलयुक्त इंधने प्रचलित होती. पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४·७ पट हवा लागते, तर मिथेनॉलला सुमारे ६·४ पट. त्यामुळे मिथेनॉलवर चालणाऱ्या एंजिनास दुपटीहून अधिक इंधन द्यावे लागते. १९२८ पासून ब्रिटनमध्ये लोकप्रिय झालेल्या स्पीडवे शर्यतींतील जे. ए. पी. एंजिने अशा मोठ्या जेटांवर चालत. युद्धकाळात व त्यानंतर १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये केवळ कमी ऑक्टेन अंकाचे पूल पेट्रोल मिळे, म्हणून संपीडन गुणोत्तर कमी ठेवणे भाग होते. चांगले पेट्रोल परत येताच गुणोत्तरे वाढली आणि त्याबरोबर जेटांच्या नव्या तक्त्यांची गरज निर्माण झाली.

फेरफार करण्याची हौस सर्वसामान्य तरुणांत पसरली ती याच काळात. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणारे तरुण ट्रायम्फचे एंजिन नॉर्टनच्या फेदरबेड सांगाड्यात बसवून ट्रायटन बनवीत, गाळणीऐवजी उघडे कर्णे लावीत. अमलचा मोनोब्लॉक १९५४–५५ मध्ये आला. त्यात तरंड्याचे पात्र मूळ ओतकामातच होते. १९५६ च्या बी. एस. ए. गोल्ड स्टार डीबीडी ३४ या नमुन्यावर दीड इंच व्यासाचा जी. पी. कार्ब्युरेटर होता. शर्यतीसाठी तो उत्तम, पण रहदारीत तो मंद गतीवर नीट चालत नसे, हे आजच्या मालकांनाही ठाऊक आहे. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलला दोन कार्ब्युरेटर होते व सुरुवातीच्या नमुन्यात दोघांना मिळून एकच स्वतंत्र तरंडा-पात्र दिले होते. पेट्रोलच्या पुरवठ्याविषयी तक्रारी आल्याने पुढे प्रत्येकास संपूर्ण मोनोब्लॉक देण्यात आला. पात्रातील पातळी चुकल्यास कोणत्याही जेटने दोष दूर होत नाही, याचे हे ठळक उदाहरण आहे.

१९६७ च्या कॉन्सेंट्रिक कार्ब्युरेटरने आणखी एक अडचण आणली. त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने जोडपट्टीचे नट अधिक आवळले की ती वाकते, फटीतून हवा शिरते आणि मिश्रण विरळ होते. शिवाय पुढील नमुन्यांत पायलट जेट अंगातच पक्का बसविलेला असून तो काढता येत नाही. त्यात कचरा अडकला की एंजिन मंद गतीवर बंद पडते व मालक मुख्य जेट बदलत राहतो. जेटची पेटी उघडण्यापूर्वी जोडपट्टी सपाट आहे की नाही, दंडगोल झिजला आहे की नाही व ठिणगीची वेळ बरोबर आहे की नाही हे तपासण्यास जाणकार सांगतात, ते याच अनुभवातून.

भारतात हा विषय प्रामुख्याने एनफील्ड बुलेटच्या अनुषंगाने पुढे आला. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन होऊन ७० मिमी. सिलिंडर व्यास व ९० मिमी. धाव असलेल्या ३४६ घ. सेंमी. एंजिनाच्या बुलेटची जुळणी सुरू झाली. ब्रिटनमधील मूळ कारखाने बंद पडल्यावरही येथील उत्पादन चालू राहिले. अमलच्या जागी पुढे मिकुनी पद्धतीचे मिककार्ब आले आणि जुन्या गाडीवर नवा कार्ब्युरेटर बसविताना वर उल्लेखिलेला आकड्यांचा घोळ होऊ लागला. म्हैसूरच्या जावा व येझ्दी या दोन धावांच्या एंजिनांत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण वाढविले, तर जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात प्रत्यक्ष पेट्रोल कमी राहते. म्हणजे एंजिनाच्या काळजीपोटी घातलेले जास्त तेल मिश्रण विरळ करून त्याचेच नुकसान करू शकते.

उंचीचा परिणामही भारतीय रस्त्यांवर स्पष्ट दिसतो. हवा विरळ झाल्यास मिश्रण समृद्ध होते. हा बदल स्थूलमानाने हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अमलच्या सूचनेनुसार ३,००० ते ६,००० फूट उंचीवर सतत वापर असल्यास मुख्य जेट ५ टक्के लहान व त्यापुढे दर ३,००० फुटांस आणखी ४ टक्के लहान घ्यावा. मुंबईहून सुमारे १,३७० मी. उंचीवरील महाबळेश्वरी एखाद्या दिवसासाठी जाणाऱ्यास जेट बदलण्याचे कारण नाही. लडाखमध्ये ५,००० मीटरांहून उंच खिंडींत मात्र हा फरक एंजिन गुदमरण्याइतका वाढतो. तेथे जेट लहान केलेल्या गाडीवरील मूळ जेट सपाटीवर उतरताच परत बसविणे आवश्यक असते.

निवड बरोबर झाली की नाही हे ठरविण्याची जुनी रीत म्हणजे ठिणगी गुडदीचा रंग पाहणे. पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर धावून क्लच दाबून एंजिन त्याच क्षणी बंद करावयाचे व गुडदी काढून पाहावयाची. पांढुरका रंग विरळ मिश्रणाचा, काजळी समृद्ध मिश्रणाची, फिकट तपकिरी समाधानकारक. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून हे रंग पूर्वीइतके स्पष्ट उमटत नाहीत. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारे संवेदक बसवून केलेली चाचणी आता अधिक भरवशाची मानली जाते. कमाल शक्तीसाठी मिश्रण साधारणतः १२·५ ते १३ भाग हवेस एक भाग पेट्रोल इतके समृद्ध ठेवतात.

अलीकडे या विषयाला पुन्हा महत्त्व आले ते एथेनॉलमुळे. उसाच्या मळीपासून व रसापासून मिळणाऱ्या एथेनॉलच्या उत्पादनात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा मोठा वाटा आहे. पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्के व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. एथेनॉलला सुमारे ९ पटच हवा लागत असल्याने २० टक्के मिश्रणासाठी हे गुणोत्तर १३·५ च्या आसपास येते. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेला कार्ब्युरेटर सात-आठ टक्के विरळ चालतो. मूळ जुळणी जरा समृद्ध असलेले कमी संपीडनाचे एंजिन हे सहज पचविते. फेरफार करून काठावर आणलेल्या एंजिनास ते झेपत नाही. प्रवाहाच्या पद्धतीतील २०० च्या जागी २१० किंवा २२० चा मुख्य जेट व सुई एक खाच वर, हा सर्वसाधारण उपाय आहे. मात्र जुन्या रबरी नळ्या, तरंडा व जस्ताचे अंग यांवर एथेनॉलचा व त्याने शोषलेल्या पाण्याचा जो परिणाम होतो, त्यावर जेट बदलून इलाज होत नाही. त्यासाठी एथेनॉल सहन करणारे तरंडे व नळ्या बसवाव्या लागतात, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास तरंड्याचे पात्र रिकामे करून ठेवावे लागते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला व त्याची जागा इंधन अंतःक्षेपणाने घेतली. जेटची निवड हे कौशल्य त्यामुळे आता जुनी वाहने राखणाऱ्यांपुरते उरले आहे. अमल कार्ब्युरेटरांचे व त्यांच्या जेटांचे उत्पादन इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे चालू असून मूळ प्रवाहाच्या पद्धतीनेच त्यांवर आकडे घातले जातात.