जन्माच्या वेळचं नागरिकत्व

मागच्या वर्षी आम्ही दोघं पोर्तुगालला जाऊन आलो. नातू लिस्बनला शिकतोय, त्याला भेटायला. प्रवासाचं वर्णन लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत. लिहायचं आहे ते व्हिसाच्या फॉर्मबद्दल.

शेंगेनचा फॉर्म लांबलचक असतो. पासपोर्ट परतल्यानंतर तीन महिने चालणारा हवा, प्रवासविमा किमान 30,000 युरोचा हवा, बोटांचे ठसे, फोटो, विमानाचं बुकिंग, आणि बँक स्टेटमेंट. पस्तीस वर्षं लोकांच्या स्टेटमेंटवर शिक्के मारले, आता स्वतःचं स्टेटमेंट घेऊन रांगेत उभा राहिलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, सही राहिली." मी मनात म्हटलं, आता कळलं ग्राहकाला काय वाटतं ते!

माझा फॉर्म अर्ध्या तासात भरून झाला. सौ.चा मात्र एका रकान्यापाशी अडला. जन्मस्थळ मडगाव, साल 1953. पुढे सध्याचं नागरिकत्व: भारतीय. आणि त्याच्या शेजारी, जन्माच्या वेळचं नागरिकत्व, वेगळं असल्यास लिहा.

वेगळं होतं. तिचा जन्मदाखला मडगावच्या नोंदणी कचेरीतला, अख्खा पोर्तुगीज भाषेत. तिचा थोरला भाऊ मात्र बेळगावचा, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. दुसरं सासरी झालं, म्हणून सौ. मडगावची. सख्खी भावंडं, पण जन्माचे देश दोन!

आता थोडा इतिहास. भारत स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगीजांकडेच राहिला. बोलणी पुढे जात नाहीत म्हणून 11 जून 1953 रोजी भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. 1954 पासून गोव्यातून इकडे येण्यावर परवान्याची बंधनं आली. 1955 साली सत्याग्रह पेटला. मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गोव्यात शिरले. 15 ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्दीवर गेले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसच्या वर माणसं गेली. दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात त्याच महिन्यात बंद झाली. गोव्यातली भारताची वकिलात 1 सप्टेंबरला बंद झाली. रेल्वेही थांबली. पुढे पोर्तुगालचं काम दिल्लीत ब्राझील पाहू लागला आणि भारताचं काम तिकडे इजिप्त.

हे पुस्तकात चार ओळींत संपतं. घरात तसं संपत नाही.

आमच्या सासूबाई बेळगावच्या, गणपत गल्लीजवळच्या. मडगावला दिल्या 1949 साली. तेव्हा मडगाव ते बेळगाव एका दिवसाचा प्रवास. कुळें, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा, की आलंच बेळगाव. सणाला, बाळंतपणाला, लग्नाला सगळे ये-जा करायचे. मुलगी परदेशात दिली असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

1956 साली त्यांचे वडील आजारी पडले. सासूबाईंना निरोप मिळाला, पण निघणार कशा? तिकडून बाहेर पडायचा कागद वेगळा, इकडे आत यायचा वेगळा. आणि ज्या देशात यायचं त्याची कचेरीच गोव्यात उरलेली नव्हती. शेवटी बेळगावात त्यांच्या काकांनी अर्ज केला. एका सरकारी कचेरीत त्यांनी महिनाभर चपला झिजवल्या. नातं सिद्ध करा, लग्नाचा पुरावा आणा, कोणीतरी हमी द्या. रोज उद्या या.

परवानगी मिळाली तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

सासूबाई हे सांगताना कधी रडल्या नाहीत. आमच्या लग्नानंतर एकदाच मला सविस्तर सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, मग मी तो परवाना वापरलाच नाही. कशाला जायचं होतं?" त्या कोणालाच दोष देत नसत. सत्याग्रहींचा तर त्यांना अभिमान होता. पण सत्याग्रही हद्द ओलांडून गेले आणि आपल्याला ओलांडता आली नाही, हे त्यांच्या मनात घर करून राहिलं असावं.

मी तेव्हा बेळगावात शाळकरी पोर होतो. डिसेंबर 1961 मध्ये आमचं गाव फौजेने भरलं होतं ते आठवतं. जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन इथे जमली होती. 19 डिसेंबरला गोवा मोकळा झाला, तेव्हा आम्ही गल्लीत पेढे खाल्ले. तिकडे मडगावात माझी होणारी बायको आठ वर्षांची होती!

1962 च्या उन्हाळ्यात सासूबाई मुलांना घेऊन माहेरी आल्या. सौ.ला त्या प्रवासातली एकच गोष्ट आठवते. आई दोन्ही हातांनी कागदांची पिशवी धरून बसली होती आणि सारखी विचारत होती, "कागद कुठे दाखवायचे?" कोणी मागितलेच नाहीत. हद्द केव्हा गेली कळलंही नाही.

त्याच साली सरकारने नागरिकत्वाचा आदेश काढला. गोव्यातली माणसं 20 डिसेंबर 1961 पासून भारतीय झाली. ज्यांना जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांनी महिन्याभरात लेखी कळवायचं होतं. काहींनी ते ठेवलंही. फादर मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहायचं ठरवलं, पण राहण्याचा परवाना मागायला नकार दिला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 साली त्यांच्या विरुद्ध निकाल लागला. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 रोजी. त्या करारावर भारतातर्फे सही केली आपल्या यशवंतराव चव्हाणांनी, समोर होते मारियो सोआरेश.

तर तो रकाना. फोनवर नातू म्हणाला, "आजी, तू व्हिसा मागतेसच कशाला? तुझा जन्म 61 च्या आधीचा. लिस्बनला जन्मनोंद केलीस तर तूच पोर्तुगीज, मग बाबा, मग मी." खरं आहे. तिथल्या कायद्यात तशी सोय आहे आणि गोव्यातल्या कितीतरी घरांनी ती घेतली आहे. मात्र दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं, आपल्याकडे दोन चालत नाहीत. ज्यांनी घेतलं त्यांना मी नावं ठेवत नाही. पोटापाण्याचा प्रश्न असतो. नातवाचाही उद्या असेल, आणि तो नाराज झाला हे लपवत नाही.

सौ.ने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "आईचा एक कागद उशिरा आला. आता हा दुसरा लवकर मिळतोय म्हणून घेऊ? मला नको. मला आठ दिवस नातवाला भेटायचंय, तेवढाच कागद द्या." आणि तिने त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: पोर्तुगीज. शेजारी: भारतीय. काही लपवायचं नव्हतंच.

पणजीला अर्ज दिला, व्हिसा वेळेत मिळाला. पासपोर्ट हातात आल्यावर सौ.ने तो आधी देवापुढे ठेवला, मग आईच्या फोटोपुढे.

मंडळी, एक विनंती. सासूबाईंचा तो न वापरलेला परवाना आमच्याकडे आता नाही, घर बदलताना कुठेतरी गेला. तुमच्या ट्रंकेत, जुन्या पोथ्यांत, फडताळात 1954 ते 61 मधला असा एखादा कागद असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मुलांना दाखवा, आणि तो कोणासाठी काढला होता तेही सांगा.