दप्तरातले नाव

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये एक जुने रजिस्टर आजही जपून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे एका मुलाचे नाव दाखल झाले. क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, आणि शेजारी त्या बाल-भिवाची सही. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. नाव लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहितो आहोत याची काय कल्पना असणार! पण शाळेचे जनरल रजिस्टर रद्दीत घालायचे नसते, म्हणून ते पान राहिले.

सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'ड' वर्षभरात जाळायचे, 'ब' तीस वर्षे सांभाळायचे आणि 'अ' कायमचे. आपल्या वाडवडिलांची गंमत अशी की गावच्या शिवेचा तंटा निघाला की पाटील-कुलकर्णी महाराचीच साक्ष काढीत. म्हणजे गावाचे चालतेबोलते दप्तर तोच. लेखणी मात्र त्याच्या हाती नव्हती. जन्म-मृत्यूची नोंद व्हायची ती कोतवाल बुकात, गाव नमुना नंबर १४ मध्ये, पुष्कळदा मोडीत. आमच्या आज्याच्या नोंदीत आडनाव नाही, पण जात ठसठशीत लिहिलेली!

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आपल्या लोकांनी पोरांच्या दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लावले. जुने सगळे टाकून दिले असे वाटले. पण दप्तराने काही टाकले नव्हते. राज्याने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. आणि सवलत घ्यायची तर पूर्वजाची मूळ जात दाखवणारा, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात.

आमच्या चाळीतल्या एका पोराचे इंजिनिअरिंगचे अ‍ॅडमिशन यात अडकले. गावच्या कचेरीत सांगितले, ते बुक वाळवीने खाल्ले. तीन खेपा झाल्या, एसटीचे भाडे गेले, साहेब कधी रजेवर तर कधी मीटिंगला. शेवटी पणजोबाच्या भावाचे नाव शाळेच्या रजिस्टरात सापडले. मोडी वाचणारा शोधून उतारा करून घेतला. ज्या शब्दाने पणजोबाला पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्याच शब्दासाठी पणतू लायनीत उभा राहिला.

तेव्हा सगळेच कायम जपा असे आम्ही म्हणू का? नाही म्हणणार. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटे यांची नावे रजिस्टरात चढली. पुढे १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही घ्यायची सोय केली. गुन्हा केलेला असो वा नसो, नाव चढले की हजेरी लागली. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. १९५२ साली कायदा रद्द झाला. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्या मुंबई राज्यात १९५९ ला. रात्री चोरी झाली की सकाळी पोलीस कुठल्या पालावर जातात, हे आपण सगळे जाणतो. भिवाचे नाव शाळेत बसवण्यासाठी लिहिले होते, पारध्याचे त्याच्यावर डोळा ठेवण्यासाठी. दोन्ही रजिस्टरे एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिले 'अ' वर्गात असावे. दुसऱ्यातला माणूस निर्दोष असेल तर त्याचे नाव खोडायची तारीख ठरलेली असावी, असे आमचे मत आहे.

त्या पोराचे पडताळणीचे प्रमाणपत्र आले. आजीने ते लॅमिनेशन करून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावले. मोडीच्या उताऱ्याची झेरॉक्स मात्र तिने ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ठेवली आहे. फेकू देत नाही, आणि कुणाला दाखवतही नाही.