कुपीवरचे नाव आणि कुपीतला गंध

अत्तराच्या कुपीवर चाफा लिहिलेला असावा आणि हातावर लावताच चाफा सोडून बाकी सारे जाणवावे, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. दोष जाहिरातींना देऊन आपण मोकळे होतो. इतिहास पाहिला तर हा प्रश्न बराच जुना आहे.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गन्धयुक्तीचा अध्याय आहे. मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ आदी द्रव्यांचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापवावे, असे तो सांगतो. या तेलाला चाफ्याचा वास येतो, पण चाफ्याचे फूल त्यात नसते. ग्रंथकार त्याला 'चम्पकगन्धि' म्हणतो. दावा साम्याचा आहे आणि घटक उघड सांगितलेले आहेत. म्हणून ती फसवणूक ठरत नाही. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे (१८९१-१९६१) यांनी गंगाधराचा 'गन्धसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गन्धवाद' हे विस्मृत ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. गन्धसारात द्रव्यांच्या परीक्षेचाही विचार आहे. परीक्षा सांगावी लागली, त्या अर्थी भेसळही असणारच.

१६०१ मध्ये बऱ्हाणपूर अकबराकडे आले. पुढे जहांगीराने आत्मचरित्रात एक हकीकत नोंदविली. नूरजहानच्या आईने गरम गुलाबपाण्यावर तरंगणारा स्निग्ध अंश थोडा थोडा गोळा केला आणि त्या अत्तराला 'इत्र-ए-जहांगिरी' हे नाव मिळाले. नावात बादशहा, कुपीत मात्र निखळ गुलाब! युरोपात १८८२ साली ऊबिगां या पेढीने नेच्याच्या नावाने 'फुजेर रॉयाल' काढले, तेव्हा नेच्याला स्वतःचा म्हणावा असा गंधच नव्हता.

१७६० च्या उदगीरच्या तहाने हे शहर मराठ्यांकडे आले. आपल्या घराण्यांतील समारंभांची सांगता अत्तरगुलाब व पानसुपारीने होई. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत देगेतील फुलांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात उतरते. फुलाचा गंध विरला तरी चंदन मागे रेंगाळते. चंदन महागल्यावर अनेकांनी त्याऐवजी द्रव पॅराफिन वापरले. मोगऱ्याचे नाव तेच राहिले, पण त्याच्याखालचा आधार गेला आणि जुन्या माणसांना ओळखीचा वास सापडेनासा झाला.

कल्पक मिश्रण ही कला आहे. घटक लपविणे हा दोष आहे. म्हणून बुधवाऱ्यातील ग्राहकाने कुपी घेताना फूल कोणते एवढेच विचारून थांबू नये. ते कोणत्या तेलात उतरविले, हेही विचारावे. आणि मनगटावर लावून अर्धा तास थांबावे.