सुजलेली जीभ आणि चिनी वैद्य



दाताच्या डॉक्टरांनी परवा माझ्या जिभेकडे बघून विचारलं, "गुरुजी, कडेला दातांचे ठसे उमटलेत, माहीत आहे का?" मला कुठलं माहीत असायला! आरशात आपण दात बघतो, जीभ कोण बघतो? पण इतिहासाच्या मास्तराला तेवढं निमित्त पुरतं. वाचता वाचता थेट चीनमध्ये जाऊन पोचलो.

जिभेवरून रोग ओळखणं आपल्याला नवीन नाही. योगरत्नाकरातल्या अष्टविध परीक्षेत नाडीबरोबर जिव्हाही आहेच. पण चिनी वैद्यांनी तिचा जितका पाठपुरावा केला, तो थक्क करणारा आहे. 'हुआंगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात जीभ हे हृदयाचं द्वार मानलंय, आणि प्लीहेची वाहिनी जिभेच्या मुळाशी येऊन तिच्याखाली पसरते असं सांगितलंय. पुढे १३४१ साली दू छिंगबी याने आओ नावाच्या वैद्याच्या जिभेच्या बारा चित्रांत भर घालून ती छत्तीस केली. १६६८ मध्ये झांग देंगच्या पुस्तकात ती १२० झाली! सगळा भर मुख्यतः तापाच्या रोग्यांवर, जिभेच्या रंगावर आणि तिच्यावरच्या थरावर.

आता सुजलेल्या जिभेकडे येतो. त्यांच्या लेखी हिचे प्रकार अगदी वेगळे. एक म्हणजे माझ्यासारखी: फिकट, फुगीर, ओलसर, कडेला दातांचे ठसे. ही प्लीहेच्या दुर्बलतेची खूण. (त्यांची 'प्लीहा' म्हणजे आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातली नव्हे बरं का. अन्न पचवून त्याचा रस अंगभर पोचवणारी शक्ती, असं समजा.) ती मंदावली की पाणी जिथल्या तिथे साचतं, जीभ फुगते आणि दातांवर दाबली जाते. म्हणून उपचार जिभेवर नाहीच, पोटावर! सोंग राजवटीच्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथात 'चार सज्जनांचा काढा' आहे. जिनसेंग, बाइझू नावाचं मूळ, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही बुरशी, आणि ज्येष्ठमध. चौघेही सौम्य स्वभावाचे, म्हणून सज्जन. नाव ठेवावं ते असं! हीच जीभ लालभडक असेल तर मात्र ते उष्णता मानतात आणि औषध उलट दिशेने, थंडावा देणारं.

दुसरा प्रकार भयंकर. जीभ एकाएकी सुजून तोंड भरून टाकते. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओने तिला डुकराच्या फुगलेल्या मूत्राशयाची उपमा दिली आहे, आणि पुढे बजावलंय की लोकांना हा रोग ओळखता येत नाही, चुकीच्या उपचाराने तो वाढतो आणि माणूस फार झपाट्याने मरतो. त्याचा उपाय? भांड्याच्या बुडाची काजळी व्हिनेगरमध्ये कालवून जिभेच्या वर-खाली जाड थापायची. आधी टोचून रक्त काढलं तर अधिक चांगलं. आज हसू येतं, पण रात्री-बेरात्री कुठल्याही घरात हाताशी असणाऱ्या वस्तू त्याने निवडल्यात, हेही बघा.

ली शिझेनच्या १५९६ साली छापलेल्या 'बेनचाओ गांगमू'त अशाच दोन हकिकती आहेत. एका विद्वानाच्या बायकोची जीभ सुजून तोंडातून शब्द फुटेना. एका म्हाताऱ्याने पाणकणसाचा पराग जिभेवर पुन्हा पुन्हा भुरभुरायला सांगितला आणि पहाटेपर्यंत ती बरी झाली. दुसरी गोष्ट सोंग सम्राट दुझोंगची (राज्यकाळ १२६४ ते १२७४). महाराजांना फुलांची शोभा बघायला जायचं होतं, आणि एका रात्रीत जीभ सुजून तोंड भरलं. राजवैद्य चाय याने तोच पराग आणि सुंठ समभाग घेऊन कोरडीच चोळली. राजा बरा झाला. शिझेनचं स्पष्टीकरण असं, की जीभ हे हृदयाचं बाहेर दिसणारं रूप, पराग रक्त थंड आणि वाहतं करतो, सुंठेने तोल सांभाळला जातो. (याच राजाच्या कारकिर्दीत मंगोलांनी शियांगयांगला पाच वर्षं वेढा घातला होता आणि १२७३ मध्ये ते पडलं. आणि महाराज फुलांच्या काळजीत! असो.)

दोन हकिकतींवरून औषध सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात सांगत आलो. अशी सूज कधी कधी आपोआपही उतरते. माझ्या वयाच्या वाचकांना एवढंच सांगतो: रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही जीभ अशी एकाएकी सुजू शकते आणि श्वास कोंडतो. तेव्हा पराग शोधत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. माझ्या ठशांसाठी डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासायला सांगितलंय.

तो पराग चिनी औषधालयांत अजूनही मिळतो, 'पू हुआंग' नावाने. रक्त वाहतं करायला कच्चा पिवळा, आणि थांबवायला भाजून काळा केलेला.